मधुकाकांची सहाची फेरी

लॅपटॉपवर जागा उरली नाही म्हणून एका शनिवारी दुपारी मी सदतीस माणसं पुसली.

आमच्या कुलवृत्तांताच्या दुसऱ्या आवृत्तीचं काम तेव्हा चालू होतं. कुलवृत्तांत म्हणजे एका आडनावाच्या अख्ख्या घराण्याचं पुस्तक. मूळपुरुषापासून परवा बारसं झालेल्या पोरापर्यंत कोण कुणाचा, कुठे जन्मला, काय शिकला, कुणाशी लग्न केलं, सगळं त्यात. आमच्या कुळात चार माणसं जमली की समिती स्थापन होते, त्यामुळे एक समिती पुण्यात होती आणि दुसरी अमेरिकेत, न्यू जर्सीला. मी पुण्याच्या समितीत होतो, कारण घराण्यातले जुने किस्से लग्नाच्या पंगतीत रंगवून सांगायची मला खोड आहे, आणि ‘किस्से’ हे परिशिष्ट कुणीतरी लिहायला हवंच होतं.

प्रत्येक माणसाचं एक फोल्डर. त्यात त्याची माहिती, फोटो, फॉर्म. ही सगळी फोल्डरं दोन कोठारांत ठेवलेली होती. एक कोठार पुणे समितीचं, एक जर्सी समितीचं. कोठार म्हणजे कुठल्यातरी परक्या कंपनीच्या यंत्रांवर घेतलेली जागा. पुण्याचं कोठार पुण्यात नव्हतं आणि जर्सीचं जर्सीत नव्हतं. पण मूळ गाव सोडून दोनशे वर्षं झाली तरी आपण त्या गावचेच म्हणवतो, तसं ते. पुण्याच्या कोठाराची एक सावली माझ्या लॅपटॉपवर पडलेली होती. मला वाटलं, ही नक्कल आहे. नक्कल पुसली तर अस्सलाला काय होतंय?

रविवारी सकाळी सहा वाजून चार मिनिटांनी फोन वाजला.

“मी मधुकर बोलतोय. आपल्याकडून काल सदतीस माणसं गेली.”

“कुठे गेली?” मी झोपेत विचारलं.

“ते आपण सांगायचंय. आपले आजोबा त्यात आहेत. वडील आहेत. आपण स्वतः आहात.”

मी उठून बसलो. स्वतः गेल्याची बातमी अंथरुणात मिळाली की जाग लवकर येते.

“फेरी मी थांबवली आहे,” पलीकडचा आवाज म्हणाला. “जर्सीला अजून काही गेलेलं नाही. अकरा वाजता या. येताना लॅपटॉप आणा आणि वाटेत त्याला हात लावू नका.”

मधुकाका म्हणजे माझ्या वडिलांचे लांबचे चुलतभाऊ. शहात्तरीचे, अविवाहित, रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालेले. सदाशिव पेठेत एका दाताच्या दवाखान्यावर दोन खोल्यांत राहत. कामाच्या फोनवर ते लहानमोठ्या सगळ्यांना अहोजाहो करत. फोन ठेवून समोर भेटलं की ‘काय रे श्रीधर.’ निम्मी नोकरी एकेरी मार्गावरच्या लहान स्टेशनांत गेलेली. दोन स्टेशनांच्या मध्ये एकच रूळ, गाड्या दोन्ही बाजूंनी. इकडच्याने तिकडच्याला विचारल्याशिवाय गाडी सोडायची नाही, आणि विचारलं तरी नुसत्या ‘हो’वर विश्वास ठेवायचा नाही. तिकडच्याने छापील तक्त्यातला एक दोन आकडी नंबर द्यायचा, इकडच्याने तो उलट म्हणून दाखवायचा, वहीत लिहायचा, मगच सिग्नल. त्याला ते प्रायव्हेट नंबर म्हणत. निवृत्तीनंतर गाड्या गेल्या, नंबर राहिले.

माझ्या बायकोने, उज्ज्वलाने, एकदा त्यांना गौरीच्या जेवणाला बोलावलं.

“गुरुवारी दुपारी साडेबारा, आपल्या घरी, जेवण,” काका फोनवर म्हणाले. “बरोबर?”

“बरोबर.”

“नंबर द्या.”

“अहो काका, पुरणपोळीला कसला नंबर?”

“मी निघालो आणि तिकडे घराला कुलूप असलं तर?”

“एकोणचाळीस,” ती वैतागून म्हणाली. गुरुवारी ते आले, दारातच वही उघडून “एकोणचाळीस” म्हणाले आणि तिने मान डोलावल्यावरच चपला काढल्या. उज्ज्वला मला आत येऊन म्हणाली, “लग्नाआधी तुमच्याकडून एक नंबर घ्यायला हवा होता.”

तर त्या रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. टेबलावर एक जुना कॉम्प्युटर, भिंतीवर दोन घड्याळं, एक पुण्याचं, एक जर्सीचं. काकांनी सदतीसही माणसं जागेवर आणली, मला ताक दिलं आणि ‘फेरी’ समजावली. दोन्ही समित्या आपापल्या कोठारात बदल करत. रोज सकाळी सहाला काकांचा कॉम्प्युटर दोन्ही कोठारांत डोकावायचा आणि कालच्या यादीशी ताडून बघायचा. पुण्यात नवीन आलं असेल ते जर्सीला, जर्सीचं पुण्याला.

“आणि पुसलेलं?” मी विचारलं.

“तेही जातं. तिथेच सगळी मेख आहे. इकडे एक माणूस पुसला की तिकडेही पुसायचा, हे यंत्राला इमानदारीचं काम वाटतं. चूक आणि इच्छा यांतला फरक त्याला कळत नाही. तू जागेसाठी पुसलीस, त्याला वाटलं तुला ती नको आहेत.”

“मग थांबलं कसं?”

“मी मर्यादा घातली आहे. एका फेरीत पाचाहून जास्त माणसं पुसायला सांगितली, तर काही न करता मला हाक मारायची. एकदम इतकी माणसं जात नाहीत रे. साथ तरी आलेली असते, नाहीतर श्रीधर.”

फेरीआधी ते रोज तालीम घेत. म्हणजे काय काय होणार त्याची नुसती यादी पडद्यावर यायची, प्रत्यक्षात काही हलायचं नाही. ती यादी ते बोट ठेवून वाचत. त्याच्याही आधी दिवा बघत. दोन्ही कोठारांत त्यांनी ‘दिवा’ नावाची एक रिकामी फाईल ठेवली होती. दोन्हीकडे दिवा दिसला तरच पुढे. मला हे देवभोळेपण वाटलं होतं, ते श्रावणातल्या एका सकाळपर्यंत. त्या दिवशी मी योगायोगाने त्यांच्याकडे होतो. जर्सीच्या लोकांनी आदल्या दिवशी पासवर्ड बदलताना काहीतरी गोंधळ घातला होता, आणि सहा वाजता ते कोठार उघडलं तर आत काही नाही. अडीच हजार माणसं, तीनशे वर्षं, आणि पडद्यावर पांढरा चौकोन.

“गेले सगळे?” मी पडद्याजवळ वाकलो.

काका हलले नाहीत. “दिवा कुठे आहे?”

“काहीच नाहीये काका, दिवा कुठला!”

“म्हणूनच. ओसाड घरातसुद्धा मी ठेवलेला दिवा असता. तो नाही, म्हणजे घर रिकामं नाही, मी भलत्याच दारात उभा आहे.” त्यांनी कॉम्प्युटरवरचा हात मागे घेतला. “हा दिवा आणि ती पाचाची मर्यादा नसती ना, तर यंत्राने ही रिकामी खोली बघितली असती आणि आपल्याकडची अडीच हजार माणसं मुकाट्याने पुसून टाकली असती. कशासाठी? दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून.”

ते शांतपणे म्हणाले, म्हणून मला जास्त भीती वाटली.

दोन्ही समित्यांनी एकाच माणसाची माहिती एकाच दिवशी बदलली, तर काय करायचं, यावर सुरुवातीला बरीच खडाजंगी झाली होती. जर्सीवाले म्हणत, शेवटी बदललेलं खरं धरा. काकांनी ऐकलं नाही. “उशिरा बोलला तो खरा, हे कुठल्या शास्त्रात आहे?” दोघांचंही ठेवायचं, नावापुढे ‘पुणे’ आणि ‘जर्सी’ लावून, असं त्यांनी मंजूर करून घेतलं. त्यामुळे आमचे एक पणजोबा अजूनही दोन गावी जन्मलेले आहेत. त्याच बैठकीत आणखी एक नियम ठरला, ज्याकडे तेव्हा कुणाचं लक्ष गेलं नाही: एका बाजूने माणूस पुसला, आणि त्याच दिवशी दुसऱ्या बाजूने त्याच्या फोल्डरात काही नवीन लिहिलं गेलं असेल, तर पुसणं रद्द. नवीन लिहिलेलं राहील आणि दोन्हीकडे जाईल.

भाद्रपदात माणसं जायला लागली.

एकदम नाही. एकेक. पहिली गेली ती एक घटस्फोटित सून. आठवड्याने एक दत्तक मुलगा. मग तुरुंगात जाऊन आलेला एक चुलतभाऊ. पाचाच्या मर्यादेखाली, त्यामुळे यंत्राने हाक मारली नाही. निमूट इकडचंही पुसलं. तालमीच्या यादीत एकच नाव असे, म्हणून काकांनाही ती साधी दुरुस्ती वाटली; तिसऱ्या वेळी त्यांच्या ध्यानात आलं. मला त्यांनी बोलावून घेतलं तेव्हा ते खिडकीशी उभे होते.

“मालगाडी तुटली तर धक्का बसतो, कळतं,” ते म्हणाले. “पण स्टेशनागणिक एकेक डबा कुणी सोडवून ठेवत गेलं तर? शेवटच्या स्टेशनात इंजिन तेवढं पोचतं.”

“कोण करतंय?”

“जर्सीहून होतंय. तिथली रात्रीची जेवणं झाल्यावर. भाऊसाहेब.”

भाऊसाहेब हे जर्सी समितीचे अध्यक्ष. ऐंशी पार, निवृत्त इंजिनियर, बोलणं मृदू. ते दुष्ट होते असं मला आजही म्हणता येत नाही, हीच अडचण आहे. नोंदीत जे कागदाला धरून नाही ते काढायचं, एवढंच ते करत होते. पहिल्या तिघांच्या घरून काकांनी दोन दोन सह्यांचे नवे फॉर्म मागवले आणि ती तिघं परत आली. भाऊसाहेबांनी आभाराचा निरोपही पाठवला.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीच्या यादीत एकच नाव होतं. कुसुम. मधुकाकांची सख्खी थोरली बहीण.

मला त्यांना बहीण आहे हेच माहीत नव्हतं. घराण्याचा किस्सेकार म्हणून मिरवणाऱ्या माणसाला. ती त्यांच्याहून चार वर्षांनी मोठी. शाळेत गणित शिकवायची. बरोबरच्या एका बौद्ध शिक्षकाशी तिने लग्न केलं आणि येरवड्याला राहायला गेली. काकांच्या वडिलांनी घरात सांगितलं, तिचं नाव निघता कामा नये. ते निघालं नाही. पन्नास वर्षं एकाच शहरात. आई गेली तेव्हा काका निरोप द्यायला येरवड्याला गेले होते, दारातूनच परतले होते. आता दुसऱ्या आवृत्तीच्या निमित्ताने त्यांनी तिची मुलगी प्रज्ञा हिच्याकडून फोनवर माहिती घेतली होती आणि कुणाला न सांगता अक्काचं फोल्डर केलं होतं.

त्यांनी ती फेरी थांबवली आणि माझ्यादेखत जर्सीला फोन लावला.

“मधू, नियम काय आहे?” भाऊसाहेब म्हणाले.

“पहिल्या आवृत्तीच्या नोंदीत बदल करायचा तर त्या शाखेतल्या दोन नोंदलेल्या माणसांच्या सह्या.”

“तुझ्या शाखेत किती माणसं आहेत?”

“मी एकटा.”

“मग?”

“अक्का आहे की. ती करेल सही.”

“ती नोंदीत नाही, मधू. तिची सही कशी चालेल?” भाऊसाहेब थांबले. कागद उलटल्याचा आवाज आला. “पहिल्या आवृत्तीचा तुझ्या घरचा फॉर्म माझ्यासमोर आहे. ‘अपत्ये: एक, पुत्र.’ खाली सही कुणाची?”

सवयच ती. काकांनी उलट म्हणून दाखवलं. “‘अपत्ये: एक, पुत्र.’ सही मधुकर. बरोबर.”

“बरोबर,” भाऊसाहेब म्हणाले.

“वडील शेजारी बसून सांगत होते आणि मी लिहिलं,” एवढंच काकांनी मला नंतर सांगितलं. तेव्हा ते छत्तीस वर्षांचे होते, एका स्टेशनचे मास्तर होते. “पोर नव्हतो,” ते म्हणाले.

फेरी थांबलेली असतानाच पुणे समितीची बैठक झाली. काकांनी विषय मांडला. सगळे अतिशय सभ्य होते. नियम बदलायचा तर सर्वसाधारण सभा लागेल, पुस्तक तर मार्गशीर्षात छापायला द्यायचंय, पुढच्या आवृत्तीत अवश्य बघू. पुढची आवृत्ती आणखी चाळीस वर्षांनी येणार, हे कुणी म्हणालं नाही. मीही चहाच्या कपात बघत बसलो होतो. कपात काही नव्हतं.

मार्गशीर्षातला दुसरा रविवार ठरला होता. त्या दिवशी सकाळी सहाच्या फेरीनंतर दोन्ही कोठारांत जे असेल ते छापखान्यात जाणार. तोवर अक्का टिकायला हवी होती. मी काकांना म्हणालो, “तुमच्याच हातात आहे सगळं. तिचं पुसणं पुढे पाठवूच नका. कुणाला कळतंय?”

“माझ्या बाजूचा सिग्नल मीच मोडायचा? मग बाकीच्यांनी कशाला पाळायचा?”

“मग तो दुसरा नियम आहे ना. फोल्डरात बदल असला की पुसणं रद्द. रोज एक टिंब वाढवा.”

“गाडी नसताना घंटा वाजवायची?” मग हळूच म्हणाले, “पण रोज काही खरंच नवीन लिहिलं, तर?”

त्याच दिवशी मी त्यांना स्कूटरवरून येरवड्याला नेलं. दुसऱ्या मजल्यावर लख्ख घर. भिंतीवर बुद्धांची तसबीर, शेजारी नवऱ्याचा फोटो. अक्का खुर्चीत. छातीचं दुखणं होतं, दर वाक्यामागे तिला श्वास गोळा करावा लागे. पण वाक्य मात्र पूर्ण करायची.

“आई गेली तेव्हा दारातून परत गेलास,” ती म्हणाली. “आज बसणार आहेस का?”

काका बसले. सगळं सांगितलं, फॉर्मसुद्धा. तिने मध्ये तोडलं नाही.

“हे बघ मधू, आमच्या घरात माझं नाव सगळ्यांना पाठ आहे. तुमच्या पुस्तकात नसलं तर माझं काय अडतंय?”

“तुझं नाही अडत. माझं अडतंय.”

“मग असं सरळ बोल की. उपकार करायला आल्यासारखा काय बसलायस!” आणि ती हसली, मग खोकली, बराच वेळ. “रोज एक गोष्ट सांगीन. एकच. चहा तू करायचास. आणि माझ्या तोंडून ऐकलेलं नाहीतर तू डोळ्यांनी बघितलेलं, तेवढंच लिहायचं. इकडून तिकडून ऐकलेलं नको. खोटं तर अजिबात नको.”

“तुझ्या तोंडचं किंवा माझ्या डोळ्यांचं. ऐकीव नाही, खोटं नाही. बरोबर?”

“अरे देवा,” अक्का मला म्हणाली, “हा अजून असाच आहे?”

तेव्हापासून रोज दुपारी काका बसने येरवड्याला जात आणि रोज सकाळी सहाच्या आत पुण्याच्या कोठारात अक्काच्या फोल्डरात एक ओळ वाढे. रोज जर्सीहून ती पुसली जाई. सहाला पडद्यावर तेच उमटे: जर्सी, पुसलं, पुणे, बदललं, ठेवलं. मग ती पुन्हा दोन्हीकडे उभी राही. दोघेही नियमाबाहेर एक पाऊल टाकत नव्हते, एकमेकांशी बोलत नव्हते. दिवाळीचे चार दिवसही सुटले नाहीत. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी पेठेत फटाके वाजत होते आणि दवाखान्यावरच्या त्या खोलीत मी ते पाच शब्द उमटायची वाट बघत होतो. मला काही काम नसे, पण घरी थांबवत नसे.

ओळी मी वाचत असे. ‘सासूने मला भाकरी शिकवली, मी तिला सही शिकवली.’ ‘एकतीस वर्षं गणित शिकवलं. एकाही मुलाला सोपं आहे असं म्हटलं नाही.’ ‘चष्मा लागला त्या दिवशी कळलं, ह्यांच्या नाकाशेजारी तीळ आहे. लग्नाला नऊ वर्षं झाली होती.’ ‘कारलं आवडतं असं सांगितलं पहिल्या दिवशी. आवडत नाही. आता कुणाला सांगू?’

कार्तिक संपत आला तशा ओळी आखूड होऊ लागल्या. सहा शब्द. मग चार. एके दिवशी नुसतं, ‘गच्चीत मोगरा होता.’ मी बोटांवर दिवस मोजायचो, आणि मोजतोय काय हे लक्षात आलं की हात खिशात घालायचो. प्रज्ञा काकांना जिन्यात म्हणाली होती, “मामा, एक दिवस सोडा ना, तिला बोलवत नाही.” काकांनी अक्काला तसं सांगितलं. अक्काने डोळे न उघडता विचारलं, “किती दिवस राहिले?”

“तेरा.”

“बस मग.”

छपाईला नऊ दिवस होते तेव्हा, दुपारी, काका आत चहा करत असताना, अक्का गेली. त्या दिवशी तिने काही सांगितलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पावणेसहाला पोचलो तर काका टेबलाशी होते, इस्त्रीचा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं.

“आजची ओळ आहे,” ते म्हणाले. “मी डोळ्यांनी बघितलंय.” आणि त्यांनी मृत्यूची तारीख घातली. सहा वाजले. जर्सी, पुसलं. पुणे, बदललं. ठेवलं.

“बातमी कळूनसुद्धा?” मी म्हणालो.

“कळवली होती मी. सांत्वनाचा निरोप आला, चांगला लिहिलाय. हे वेगळं.”

दुसऱ्या सकाळी त्यांनी लिहिलं: ‘पहिल्या आवृत्तीत हिचं नाव नाही. ते मी लिहिलं नाही. सही माझी आहे. मधुकर.’ तिसऱ्या दिवशी लहानपणीची एक ओळ: शाळेला जाताना ती त्यांचं दप्तर घ्यायची आणि फाटकाशी परत द्यायची, म्हणजे कुणाला दिसू नये. चौथ्या दिवशी एक. पाचव्या दिवशी ते रिकाम्या चौकोनापुढे बसून होते. सहाला सात मिनिटं कमी.

“काका, लहानपणचं कितीतरी असेल!”

“होतं ते लिहून झालं. आता जे आठवतंय ते मी बनवतोय की काय, असं वाटायला लागलंय.”

“अहो, प्रज्ञाला विचारू. शेजारी सांगतील, विद्यार्थी सांगतील—”

“ऐकीव नको म्हणाली होती.”

“ती आता—” मी थांबलो.

पाच मिनिटं. त्यांनी एक अक्षर दाबलं आणि पुसलं. त्या पडद्यापुढे मला पहिल्यांदा असं वाटलं की हा माणूस एक खोटी ओळ लिहील, आणि मी कुणाला सांगणार नाही. मी मनात ती ओळ रचलीसुद्धा. बरी होती. अशा रचण्यातच माझी हयात गेली.

काकांनी लिहिलं: ‘आज सांगण्यासारखं काही नाही. मधू.’

“हे...” मी म्हणालो.

“खरं आहे,” ते म्हणाले.

सहा वाजले. ठेवलं.

पुढचे चार दिवस त्यांनी तीच ओळ लिहिली. आदल्या दिवसाची उतरवून नाही. रोज नव्याने, एकेक अक्षर दाबत, जणू विचार करून त्याच उत्तराला पोचावं तसं. शेवटच्या रविवारीही जर्सीहून पुसलं गेलं होतं. सहा वाजून तीन मिनिटांनी दोन्ही कोठारं सारखी झाली, आणि आठ वाजता छापखान्याचा माणूस ती उतरवून घेऊन गेला.

काका मला सोडायला खाली रस्त्यापर्यंत आले. दवाखाना बंद होता. मी स्कूटर काढत होतो तेवढ्यात त्यांनी विचारलं, “काय रे, रविवारी येरवड्याची बस दुपारी किती वाजता असते?” त्यांना बसची वेळ मी सांगायची? मग त्यांचं त्यांनाच कळलं. “हां,” ते म्हणाले, “आता नाही.” आणि कुठल्या बाजूला वळायचं हे न ठरलेल्या माणसासारखे फुटपाथवर उभे राहिले. कोपऱ्यावरून मी मागे पाहिलं तेव्हाही उभेच होते.

फाल्गुनात ते गेले. पुस्तक बांधणीत होतं. कोठारांची राखण समितीने माझ्याकडे दिली, म्हणजे सदतीस माणसं पुसणाऱ्याकडे. आणि मी केलेली पहिली नोंद त्यांच्या तारखेची. दुसऱ्या दिवशी सहाला ती जर्सीला पोचली. भाऊसाहेबांनी पोच दिली.

पुस्तक घरी आलं तेव्हा उज्ज्वलाने आधी अक्काचं पान काढलं. मूळपुरुषाला सव्वा पान आहे, अक्काला साडेतीन. ती खुर्चीत बसून सावकाश वाचत गेली, शेवटच्या पाच ओळींपर्यंत. मग पानं उलटून माझं नाव शोधलं. नाव, जन्म, शिक्षण, नोकरी, पत्नी. चार ओळी. पत्नीच्या पुढे तिचं नाव, माहेरचं आडनाव, बस.

“माझ्याबद्दल रोज एक नवीन लिहायचं झालं असतं,” ती म्हणाली, “तर कितव्या दिवशी अडला असतात?”

मी म्हणालो, “असं कसं, कितीतरी आहे, जरा वेळ दे, उद्या शांतपणे—”

“उद्याचं सोडा,” ती म्हणाली. “आजचं एक सांगा.”